वेगळी चूल कोणी मांडली?

विद्यार्थ्यांनी आपल्या समाजाच्या नावाने मंडळ काढले की एक प्रश्न हमखास पुढे येतो: विद्येच्या प्रांगणात ही वेगळी चूल कशासाठी? विचारणारे बहुधा सज्जन असतात आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हा प्रश्न ज्यांना विचारावयास हवा त्यांना सोडून तो भलत्यांनाच विचारला जातो, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिएन्ना विद्यापीठातील ज्यू विद्यार्थी मंडळांचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

१८६७ च्या कायद्याने ऑस्ट्रियातील ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले आणि पुढील दोन दशकांत गॅलिशिया, मोराविया, हंगेरी अशा दूरदूरच्या प्रदेशांतून ज्यू तरुणांचा ओघ व्हिएन्नाकडे वळला. १८८० च्या दशकात विद्यापीठातील सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी ज्यू होते. वैद्यक शाखेत हे प्रमाण त्याहून अधिक होते. त्यांतील पुष्कळजण अत्यंत गरीब होते. विख्यात शल्यविशारद टेओडोर बिलरोट यांनी १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय शिक्षणावरील ग्रंथात या गरीब ज्यू विद्यार्थ्यांच्या गर्दीविषयी नापसंती दर्शविली आणि जर्मन व ज्यू यांच्यात रक्ताचेच अंतर आहे असे सुचविले. विद्यार्थ्यांत दंगे उसळले. पुढे याच बिलरोट यांनी ज्यूद्वेषाचा प्रतिकार करणाऱ्या संस्थेला आपले नाव दिले, हेही न्यायाने नोंदविले पाहिजे. पण विद्वानाच्या लेखणीतून निसटलेला शब्द त्यालाही परत घेता येत नाही; तो तोवर कनिष्ठ बुद्धीच्या हातांत पडलेला असतो.

त्या काळी विद्यार्थिजीवनाचा केंद्रबिंदू म्हणजे जर्मन छात्रमंडळे. रंगीत टोपी, छातीवरून तिरका पट्टा, बिअरच्या मैफली, तलवारीची द्वंद्वे आणि गालावर मिरविलेला व्रण हा तेथील प्रतिष्ठेचा सरंजाम. ज्यू तरुणांनाही त्याची ओढ होती. कायद्याचा अभ्यास करणारा टेओडोर हर्झल हा ‘अल्बिया’ नावाच्या अशाच एका मंडळाचा सभासद होता. १८८३ साली संगीतकार वाग्नर यांच्या स्मरणार्थ भरलेल्या विद्यार्थिसभेत ज्यूद्वेषाचे उघड प्रदर्शन झाले. ‘अल्बिया’ने त्यात भाग घेतला, तेव्हा हर्झलने सभासदत्वाचा राजीनामा दिला. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच एकामागून एक मंडळे ज्यूंना दारे बंद करू लागली होती. चूल वेगळी मांडली गेली ती येथे, आणि ती ज्यूंनी मांडलेली नाही.

१८८२ साली नाथान बिर्नबाउम, मोरित्स श्निरर आणि रूबेन बीरर यांनी ‘कादिमा’ हे मंडळ स्थापिले. हे नाव हिब्रू लेखक पेरेत्स स्मोलेन्स्किन यांनी सुचविले. या एका शब्दाचे हिब्रूत दोन अर्थ होतात, ‘पूर्वेकडे’ आणि ‘पुढे’. या मंडळाला पहिला विरोध झाला तो परक्यांकडून नव्हे. शहरातील सुस्थित ज्यूंनाच ते नकोसे झाले. आपण आता जर्मन संस्कृतीत मिसळून गेलो आहोत, ही पोरे जुन्या जखमेवरची खपली कशाला काढतात, असा त्यांचा सूर होता. हा सूर ओळखीचा वाटणारे वाचक थोडे नसतील.

येथपर्यंत आमची सहानुभूती निःशंकपणे ‘कादिमा’च्या बाजूने आहे. पुढील प्रकरणाविषयी मात्र आमचे मन तसे एकसंध नाही. अपमान करणाऱ्याला भित्रेपणाचा आरोप करण्यास जागा राहू नये म्हणून या मंडळांनीही तलवार हाती घेतली. टोपी आणि पट्टाही स्वीकारला. ज्यू विद्यार्थी द्वंद्वात निपुण झाले आणि जिंकूही लागले. परिणाम काय झाला? मार्च १८९६ मध्ये जर्मन छात्रमंडळांच्या संघाने ‘वाइडहोफन ठराव’ या नावाने ओळखला जाणारा ठराव केला. ज्यूला जन्मतःच मान नसतो, म्हणून त्याचा अपमान होऊ शकत नाही आणि म्हणून त्याला द्वंद्वाने मानभरपाई मागता येत नाही, असा त्याचा आशय. याच विद्यापीठात वैद्यक शिकलेले नाटककार आर्थर श्निट्झलर यांनी आपल्या आत्मचरित्रात या ठरावाचे मर्म नेमके टिपले आहे. खेळाचे नियम ज्याच्या हाती असतात तो हरू लागला की नियमच बदलतो. त्याच्याच खेळात त्याच्यावर मात करून मान मिळेल, ही त्या तरुणांची आशा धाडसी होती. पण ज्या प्रतिष्ठेचे मोजमाप गालावरच्या जखमेने होते ती मुळात मिळविण्यायोग्य होती काय, असा प्रश्न त्यांनी अधिक जोराने विचारावयास हवा होता.

याउलट, ज्या कामाची गाथा कोणी गात नाही ते आम्हांस मोठे वाटते. ज्यू विद्यार्थ्यांचे वाचन व वक्तृत्व मंडळ होते. स्वस्त जेवणाची ‘मेन्सा आकाडेमिका युडाइका’ ही खाणावळ होती. गॅलिशियातून आलेल्या उपाशी मुलाला परीक्षेपर्यंत टिकवून धरणारी गोष्ट तलवार नव्हती, गरम सूपची वाटी होती. द्वेष्ट्यांना हे चांगले कळत असावे, कारण ती खाणावळही त्यांच्या हल्ल्यांतून सुटली नाही.

स्वतः बिर्नबाउम यांचा प्रवासही उद्बोधक आहे. ‘झायोनिझम’ हा शब्द त्यांनीच १८९० साली रूढ केला. पण पुढे ते ती चळवळ सोडून यिद्दिश भाषेचे कैवारी झाले, १९०८ च्या चेर्नोवित्स परिषदेत अग्रभागी राहिले आणि अखेरीस परंपरानिष्ठ धर्माकडे वळले. काहींना यात चंचलपणा दिसतो. आम्हांस वाटते, विद्यार्थी मंडळाने माणसाला उत्तर पाठ करून घेण्याऐवजी प्रश्न बाळगण्याची सवय लावली, तर त्याचे आयुष्य असेच वळणे घेणार.

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिती झपाट्याने बिघडली. १९३० साली कुलगुरू वेन्त्सेल ग्लाइस्पाख यांच्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांची वंशानुसार ‘राष्ट्रां’त विभागणी करणारा नियम जाहीर झाला. १९३१ च्या जूनमध्ये घटना न्यायालयाने तो रद्द ठरविताच विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांना बेदम मारहाण झाली. विद्यापीठाच्या स्वायत्ततेमुळे पोलीस आत येत नसत. मार खाणाऱ्याला बाहेर रस्त्यावर पोहोचेपर्यंत संरक्षण नव्हते. स्वायत्तता हा थोर शब्द, पण तो कोणाच्या हातातील कवच होतो हे पाहिल्यावाचून त्याचा जयजयकार करू नये, एवढे येथे म्हणणे प्राप्त आहे.

१९३६ साली ऐंशी वर्षांच्या सिग्मंड फ्रॉइड यांनी ‘कादिमा’चे मानद सभासदत्व स्वीकारले, त्यांचा मुलगा मार्टिन हा पूर्वीच तिचा सभासद होता. दोन वर्षांनी नाझी सत्ता आली. विद्यापीठाने २,७०० हून अधिक अध्यापक व विद्यार्थ्यांना बाहेर काढले आणि ज्यू मंडळे संपुष्टात आली. ‘कादिमा’चा एक जुना सभासद, लेहारच्या संगीतिकांसाठी गीते लिहिणारा फ्रित्स ल्योनर-बेडा, याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबण्यात आले. तेथे छावणीच्या अधिकाऱ्यांना कैद्यांकडून म्हणवून घेण्यासाठी एक गीत हवे होते. त्याने ते लिहिले, आणि त्यात सुटकेच्या दिवसाची आशा अशी गुंफली की कैदी ते मनापासून गात. १९४२ च्या डिसेंबरमध्ये आउश्वित्सच्या मोनोवित्स छावणीत त्याचा अंत झाला.