वादळात राजाला कोण भेटतं?

खांदेश्वरच्या कुठल्याही सोसायटीचा गणेशोत्सव घ्या. एकपात्री स्पर्धेत 'नटसम्राट'मधला एक तरी गणपतराव बेलवलकर असतोच. कापसाची दाढी, आजीची शाल, माईक ओठांना चिकटलेला आणि घर मागणारं ते स्वगत बेंबीच्या देठापासून. त्या पोराबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती नंतर उठणाऱ्या परीक्षकांबद्दल. नाटकातले श्रीराम लागू श्रेष्ठ की चित्रपटातले नाना पाटेकर, यावर हे लोक तासभर पांडित्य पाजळतात. 1 जानेवारी 2016 ला महेश मांजरेकरांचा त्यावरचा चित्रपट आला, तेव्हापासून हेच चर्वितचर्वण. आवाज कुणाचा चढला, डोळ्यांत पाणी कुणी काढलं! अहो, ही शोकांतिका आहे, कुस्तीचा फड नव्हे.

शिरवाडकरांनी 'नटसम्राट' कशावरून घेतलं, हे या विद्वानांना पाठ असतं. 'किंग लिअर' म्हणतात आणि पुढे सरकतात. मग लिअर वादळात काय करतो, तेही सांगा की! मुलींनी हाकललेला म्हातारा आभाळाला शिव्या घालतो, एवढंच यांना आठवतं. पण झोपडीच्या दाराशी तो थांबतो. आधी विदूषकाला आत पाठवतो. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मनात येतं, की आपल्या राज्यात अशा पावसात उघडी पडलेली किती माणसं असतील, आणि आपण त्यांची कधी फिकीर केली नाही. 1606 च्या डिसेंबरात हे नाटक इंग्लंडच्या राजासमोर झालं. राजासमोर ही कबुली! त्या प्रवेशाचा प्राण इथे आहे. बाकी गडगडाट तेव्हाही पडद्यामागे लोखंडी गोळे घरंगळवून काढत असत.

तेव्हा माझी कसोटी एकच: झोपडीत राजाला कोण भेटतं?

'नटसम्राट' रंगभूमीवर आलं डिसेंबर 1970 मध्ये. पुढच्याच वर्षी लिअरवर दोन चित्रपट आले. पीटर ब्रूकचा एक: डेन्मार्कची थंडी, कृष्णधवल चित्रण, पॉल स्कोफील्डचा दगडी चेहरा, मध्येच धूसर होणारी चौकट. बुद्धिमान आहे, पण मला गारठवण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. दुसरा रशियाचा ग्रिगोरी कोझिंत्सेव्ह. त्याने झोपडीत भिकारी भरले. एक नव्हे, गर्दी. पेंढ्यात एकमेकांना चिकटून पडलेली माणसं, आणि त्यांच्यात हा किरकोळ अंगाचा, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा राजा. कोझिंत्सेव्हला प्रवेश कळला होता.

आणि आपण? मूळ नाटकात अप्पासाहेब बेलवलकरांना आसरा देतो तो राजा नावाचा बूटपॉलिश करणारा पोर. ज्याच्याजवळ स्वतःचं छप्पर नाही, तो नटसम्राटाला जवळ करतो. शिरवाडकरांनी लिअरची झोपडी अचूक ओळखून मुंबईच्या फुटपाथवर आणली होती. मांजरेकरांच्या चित्रपटाने काय केलं? नाटकात नसलेला रामभाऊ आणला. म्हणजे आणखी एक नट! विक्रम गोखल्यांनी त्याचं सोनं केलं, याबद्दल दुमत नाही. पण दोन थोर नट एकमेकांच्या थोरवीवर रडू लागले, की बूटपॉलिशवाल्याकडे कोण बघणार? ज्या म्हाताऱ्याला स्वतःपलीकडचं जग दिसायला हवं, त्याच्यासमोर तुम्ही आरसा धरलात. आणि आमचे परीक्षक त्या आरशालाच साष्टांग नमस्कार घालतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आपल्याकडे कुरोसावाचं बजेट कुठे आहे? साफ खोटी सबब. लिअरवरच्याच त्याच्या 1985 च्या 'रान'मध्ये किल्ला जळतो, तिथे पैसा दिसतो, मान्य. पण वादळातली झोपडी बघा. तिथला लिअर, म्हातारा हिदेतोरा, आसऱ्याला आत शिरतो. आत एक तरुण बसलेला. आंधळा. आणि म्हाताऱ्याला उमगतं, की याचं राज्य जिंकलं तेव्हा जिवाच्या बदल्यात याचे डोळे आपणच काढवले होते. तो तरुण शिवी देत नाही. पाहुणचाराला घरात दुसरं काही नाही, म्हणून बासरी वाजवतो. ती ऐकता ऐकता हिदेतोरा कोलमडतो. एक काळोखी खोली, एक आंधळा, एक बासरी. सांगा, याला किती कोटी लागतात?