दुसरा अँप कुठल्या बोर्डावर?

2027 च्या सिंहस्थात नाशिकचं रामकुंड आणि त्र्यंबकेश्वर भोंग्यांनी भरून जाईल. भोंगे किती आणि वॉट किती, हे निविदेत हमखास असतं. वारी-जत्रांत लाइनी ओढत आलेला माझ्यासारखा माणूस मात्र एकच गोष्ट शोधतो: अँप्लिफायर, म्हणजे आमचा अँप, उडाला तर पुढे काय? उत्तर बहुतेकदा ‘एक अँप स्टँडबाय’ एवढंच.

हा स्टँडबाय मी टेम्पोत ताडपत्रीखाली पाहिलाय, सीलबंद खोक्यात पाहिलाय. सर्वांत जास्त वेळा पाहिलाय तो मुख्य अँपच्या शेजारी, त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटला. बोर्ड गेला की दोघंही गेले.

खरी गोम तर लाइनमध्येच आहे. लांब पल्ल्याला शंभर व्होल्टची लाइन टाकतात. एकाच वायरवर ओळीने भोंगे, प्रत्येकाला आपला ट्रान्सफॉर्मर. 250 वॉटच्या अँपला त्या लाइनवर 40 ओहमच्या खाली उतरलेलं सोसत नाही. बॅनरवाल्याने वायरवर खिळा ठोकला किंवा सांध्यात पाणी शिरलं की लाइन शॉर्ट, अँप गप्प. घाईत पोरगा दुसरा अँप त्याच लाइनला लावतो. तोही उडतो! आधी लाइन तपासायची, तीही इम्पिडन्स मीटरने. साधा मल्टिमीटर ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा डीसी रोध तेवढा दाखवतो, त्यात धडधाकट लाइनही शॉर्ट वाटते.

म्हणून माझं म्हणणं असं, की दोन्ही अँप पहिल्यापासून चालू ठेवा आणि लाइनीही दोन ओढा. एक भोंगा या लाइनीवर, पुढचा त्या. एक अँप बसला तर आवाज उतरेल, पण घाटाचा कुठलाच कोपरा मुका होणार नाही. एकाला मेन्स, दुसऱ्याला बॅटरी. आपल्याकडच्या बऱ्याच अँपना मागे डीसीची टर्मिनलं असतातच, त्यांच्यावरची धूळ पुसायची एवढंच. माइकही दोन हवेत. आपोआप अँप बदलणारी यंत्रणाही मिळते, रेल्वे स्थानकासारख्या कायमच्या जागी ती जरूर बसवावी. चिखलातल्या मंडपात मला भरवसा दोन लाइनींचाच. वायर जवळजवळ दुप्पट लागेल, कंत्राटदार कुरकुरतील. कुरकुरू द्यात.

2003 च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. ते काही भोंगे बंद पडल्यामुळे नव्हे. पण चिंचोळ्या रस्त्यावर पुढची माणसं अडली आहेत, हे मागून रेटणाऱ्यांना कळणार कसं? शिट्टी तिथवर पोचत नाही, पोलिसाचा हातही दिसत नाही. ‘जागेवर थांबा’ हे त्याच मिनिटाला ऐकू गेलं पाहिजे; फ्यूज बदलून झाल्यावर नव्हे.

तेव्हा निविदेत एक अट घाला. पहिल्या पर्वणीच्या आदल्या दिवशी, घोषणा चालू असताना, बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याने कुणालाही न सांगता मुख्य अँपची पिन उपसावी आणि दुसऱ्याने घाटाच्या टोकाला उभं राहून ऐकावं. तिथे शब्द कळला नाही, तर ठेकेदाराचं बिल अडवावं.