तीन इंच गाळ मोजता, मग छाती कोण तपासणार?



आज पिकाचं नाही, पुरानंतरच्या दम्याचं लिहितोय. आमचा कृष्णाकाठ. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं. 2021 च्या जुलैत परत 50 फुटांच्या वर. दोन्ही वेळा पंचनामे झाले.

त्या पंचनाम्यात काय काय धरतात बघा. माणूस दगावला तर वारसांना 4 लाख. घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर कपड्या-भांड्यांसाठी पैसे. रानात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी मदत. पीक, जनावर, गोठा, सगळ्याला रकाना आहे. पण पूर ओसरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी ज्याला धाप लागायला लागली, जो रात्री उशी पाठीला लावून बसून काढतो, त्याला रकाना नाही. सरकारच्या लेखी तो पूरग्रस्तच नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो. पाणी उतरलं तरी भिंत आत ओलीच राहते. मातीची असो नाहीतर विटांची, वाळायला महिने लागतात. त्यात बाहेर पाऊस चालू, म्हणून दारं-खिडक्या बंद. मग भिंतीला, गाद्यांना, पेटीतल्या कपड्यांना काळा-हिरवा बुरा येतो. कुबट वास येतो. त्या बुऱ्याचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर आत जातात. वर ओल्या लाकडाचा चुलीचा धूर. पुढं ऊन पडलं की गाळाची भुकटी होते आणि प्रत्येक गाडीमागं उडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 सालीच सांगून ठेवलंय की ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीतली घरघर, दमा यांचा धोका वाढतो.

गोठ्यातलं तर कोणी बोलतच नाही. भिजलेला कडबा रचून ठेवला की आतून गरम होतो आणि बुरसटतो. पेंढी सोडली की पांढरा भुरका उडतो. सकाळी वैरण काढली आणि चार-सहा तासांनी कणकण, कोरडा खोकला, दम लागणं सुरू झालं, तर ती साधी सर्दी नसेलही. याला डॉक्टरी भाषेत 'फार्मर्स लंग' म्हणतात, म्हणजे शेतकऱ्याचं फुप्फुस. वर्षानुवर्षं असंच चाललं तर फुप्फुस कायमचं कडक होतं. ब्रिटनमध्ये हा कामामुळं होणारा आजार म्हणून भरपाईच्या यादीत आहे. आपल्याकडं आपलंच नाव असलेला आजार आपल्यालाच माहीत नाही. आणि घरोघरी वैरण बहुतेक बायाच काढतात, त्यांना विचारतंय कोण?

"दमा पुरानंच झाला कशावरून? तंबाखू असेल, वय असेल," असं मला एका साहेबानं ऐकवलं. मान्य, तंबाखू आहे, चूल आहे, पाचट पेटवणंही आहे. पण मग पुराआधी कुणाची छाती तपासली होती, ते दाखवा. नोंद तुम्ही ठेवायची नाही आणि पुरावा आम्ही आणायचा, हा कुठला न्याय?

हे एकदाचं संकट म्हणून सोडून द्यावं असंही राहिलेलं नाही. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते. पुण्याच्या आयआयटीएममधले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा पाऊस 1950 पासून तिपटीनं वाढलाय. म्हणजे भिंती परत भिजणार, बुरा परत येणार.

पुरानंतर आरोग्य पथक येतं ते लेप्टो, जुलाब, डेंगीसाठी. आलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते पंधरा दिवसांत जातं आणि छातीचं दुखणं त्यानंतर डोकं वर काढतं. म्हणून मागणी साधी आहे. पूर ओसरल्यावर एक महिन्यानं आणि तीन महिन्यांनी गावात छातीची तपासणी करा. उपकेंद्रात दम्याचे पंप ठेवा. पंचनाम्यात प्रत्येक घरामागं एक ओळ वाढवा: श्वासाचा त्रास कुणाला, कधीपासून.

तोवर आपण काय करायचं? उघडीप मिळाली की दारं-खिडक्या सताड उघडा. बुरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. भिजलेली गादी वाळवून परत वापरू नका. बुरसटलेला कडबा जनावरालाही घालू नका, काढताना नाका-तोंडाला चांगला मास्क लावा, नुसता रुमाल पुरत नाही. खोकला तीन आठवड्यांवर गेला तर डॉक्टरांना दाखवा आणि घरात पाणी आलं होतं, बुरसटलेली वैरण काढली होती, हे स्वतःहून सांगा.

आणि पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. तोंडी बोललेलं वाहून जातं.