तुमच्यावाचून काही अडतं का?

समजा, सलग तीन रविवार तुम्ही मिस्साला गेला नाहीत. घरचे सोडा, फादरही सोडा. बाकी कुणाचा फोन येईल? ‘काऊन बे, दिसून नाही राह्यला आजकाल?’ असं विचारणारा एक तरी माणूस आहे का?

असेल तर तुम्ही नशीबवान. पण अमरावती-अकोल्यात शिकणाऱ्या बऱ्याच कॅथलिक मुलामुलींचं उत्तर ‘नाही’ असंच असेल, असं मला वाटतं. धारणीहून, पुसदहून, मलकापूरहून पोरं शिकायला येतात. गाडगेनगरात, नाहीतर तिकडे जठारपेठेत रूम घेतात. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात आणि शेवटचं गीत संपायच्या आत गाडीला किक मारतात. तीन वर्षांनी डिग्री हातात आली की पुण्याची बस. तीन वर्षं त्या बाकावर बसलेल्या पोराचं नाव काय होतं, हे कुणालाच सांगता येत नाही.

मोठ्या शहरात हे चालून जातं. तिथे एक ग्रुप जमला नाही तर दुसरा असतो. आपल्याकडे दुसरा नसतो. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्काही भरले नाहीत, आणि त्यातलेही बरेचसे मुंबई-वसई-पुण्याकडचे. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, पण वऱ्हाडातली कॅथलिक वस्ती आजही मूठभरच आहे. अशा ठिकाणी मागच्या बाकावरचे दहा तरुण गळाले, तर क्वायर बंद पडतो. एखाद्या आजोबांची शवपेटी उचलायला खांदे शोधावे लागतात. आणि रूमवर तीन दिवस तापानं पडलेल्या पोराला पाणी विचारायलाही कुणी येत नाही, कारण तो पडलाय हेच कुणाला माहीत नसतं.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे कार्यक्रम. नाताळचं गॅदरिंग, युवा दिन, बॅनर, एकसारखे टी-शर्ट, केक, ग्रुप फोटो. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्याची त्याची रूम. फोटोत शेजारी उभ्या असलेल्या मुलीचं आडनावही माहीत नसतं.

असं का होतं, ते थोडं हिशेबानं पाहू. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेले विद्यार्थी यांची मैत्री व्हायला किती वेळ लागतो, हे त्यांनी तपासलं. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सोबत घालवलेले साधारण ५० तास लागतात, आणि जवळचा मित्र व्हायला २०० पेक्षा जास्त.

आता आपलं गणित मांडा. मिस्साचा तास यात धरता येत नाही, कारण तिथे सगळे वेदीकडे तोंड करून बसलेले असतात. मिस्सानंतर अंगणात दहा मिनिटं गप्पा मारल्या, तर ५२ रविवारांचे पावणेनऊ तासही होत नाहीत. पण क्वायरच्या सरावाला आठवड्याला दीड तास गेलात, तर वर्षाचे ७८ तास होतात. आणि ते तास नुसते बसून काढलेले नसतात. तुम्ही सूर चुकता, शेजारचा हसतो, मग तोच तुम्हाला धरून शिकवतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: पॅरिशमध्ये एक काम घ्या. लहान घ्या, पण दर आठवड्याचं घ्या, आणि तुम्ही आला नाहीत तर अडेल असं घ्या. कुणावाचून कुणाचं अडत नाही, असं आपण सहज बोलून जातो. समाज मात्र तिथेच तयार होतो, जिथे एकाचं दुसऱ्यावाचून थोडंथोडं अडतं. ज्याच्याकडे हॉलची चावी आहे, तो आला नाही तर पाच मिनिटांत फोन जातो.

गाता येत नसेल तरी कामं कमी नाहीत. तुमच्याकडे स्कूटी असेल, तर वाटेवरच्या एखाद्या आजीला मिस्साला आणायचं आणि परत सोडायचं. एकच आजी, दर रविवारी. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर जातो, तेव्हा चर्चबाहेरचा पाण्याचा माठ सकाळी भरून ठेवायचा. माइक आणि स्पीकर सांभाळायचे. विद्यापीठाच्या हिवाळी-उन्हाळी परीक्षा आल्या की रूमवर चौघांच्या गोंगाटात अभ्यास होत नाही. मग फादरांकडे पॅरिश हॉल संध्याकाळी दोन तास उघडा ठेवायची परवानगी मागायची, आणि त्याच टेबलावर दहावीच्या पोरांना गणित समजावायचं.

आणखी एक काम आहे, जे अमरावती आणि अकोला दोन्हीकडे करता येतं. मेळघाटातला पेशंट इर्विनला येतो, खेड्यातला सर्वोपचारला. पेशंटच्या जेवणाचं काहीतरी होतं, पण सोबतच्या माणसाचं काय? शहरात त्याच्या ओळखीचं कुणी नसतं. पॅरिशमधल्या सात घरांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला आणि पोचवायचं काम दोघा विद्यार्थ्यांनी घेतलं, तर रोज एक डबा जाऊ शकतो. डबा देणारी काकू आणि नेणारा पोरगा महिनाभरात एकमेकांना चांगले ओळखायला लागतात. मग पोराला ताप आला, तर त्याच घरातून दुसरा डबा त्याच्या रूमवर येतो.

हे फादरांनी का करू नये, असं कुणी म्हणेल. फादरांची काही वर्षांनी बदली होते, लोक तिथेच राहतात. शिवाय १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं चर्च म्हणजे देवाची सगळी प्रजा, हे ठासून सांगितलं. लॅटिनऐवजी आपापल्या भाषेत मिस्सा करायची वाटही त्याच परिषदेनं मोकळी केली.

पण भाषेची एक गोम आहे. आपल्या पॅरिशमध्ये कोण नसतं? तीन पिढ्यांची मराठी घरं, रेल्वेत नोकरीला आलेलं मल्याळी कुटुंब, शाळेत शिकवणाऱ्या मंगळूरच्या मॅडम, मेळघाटातून आलेली, घरी कोरकू बोलणारी पोरं. जिथे मराठी आणि इंग्रजी मिस्सा वेगवेगळ्या होतात, तिथे एका अंगणातली दोन गावं व्हायला वेळ लागत नाही. हे दुखणं फार जुनं आहे. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडून बघा. पहिल्यावहिल्या ख्रिस्ती मंडळीतली तक्रार अशीच होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी त्यावर नुसतं प्रवचन दिलं नाही. मंडळीला सात माणसं निवडायला सांगितलं आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे सोपवलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होत होतं, त्यांच्या बोलीचीच माणसं पुढे आली, असं त्यावरून वाटतं.

आपणही तेवढं करू शकतो. पुढच्या सणाला केटरर सांगू नका, रोडगे करा. गोवऱ्या लावायला, कणीक मळायला, वांगी चिरायला वीस हात लागतात. मल्याळी अंकलला रोडगा भाजता येत नाही, कोरकू पोराला येतो. तिथे कोण कुणाला शिकवतं, ते बघण्यासारखं असतं. गंमत म्हणजे ‘पॅरिश’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच परक्या गावी येऊन शेजारी राहणं असा होतो. म्हणजे रूम करून राहणारे तुम्ही पॅरिशचे पाहुणे नाही. तो शब्द मुळात तुमच्यासारख्यांचाच आहे.

आता खरी अडचण. बरीच पोरं मागच्या बाकावर बसतात ती लाजून नाही, वैतागून. ‘किती टक्के पडले?’, ‘बॅकलॉग राहिला का?’, ‘परवा गाडीवर मागे कोण होती?’ लहान समाजात डोळे फार असतात. विशेषतः मुलींवर जास्त. सगळे ओळखतात, याचा अर्थ सगळे पहारा देतात असा होत असेल, तर अशा ओळखीपेक्षा एकटेपणा बरा वाटतो. ही तक्रार खरी आहे आणि मोठ्यांनी ती ऐकलीच पाहिजे.

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत: चौकशी आणि विचारपूस. चौकशी करणाऱ्याला माहिती हवी असते, विचारपूस करणाऱ्याला तुम्ही बरे असायला हवे असता. ‘पेपर कसा गेला?’ विचारून जो निकालाच्या दिवशी पुन्हा टक्के विचारायला येतो, तो चौकशी करतो. ‘पेपर आहे ना उद्या, जेवलास का?’ विचारतो, तो विचारपूस करतो. मोठ्यांकडून हे हवं असेल, तर आपण आपल्या ज्युनिअर्सशी तसं वागून सुरुवात करू. आणि ऐकलेलं तिसऱ्याला सांगायचं नाही, एवढा एक नियम पाळू.

वऱ्हाडाला हे काही नवीन नाही. गाडगेबाबा गावात पोचले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेला गावाच्या कामाशी जोडलं. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५चीच, अमरावती धर्मप्रांताच्या वयाची. मराठी ख्रिस्ती लोक पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. त्यातल्या ‘धर्म’ची काळजी घेणारे पुष्कळ आहेत, ‘ग्राम’कडे आपण बघू.

तुम्ही ख्रिस्ती नसाल आणि इथवर वाचलं असेल, तर तुमच्या मंदिरातल्या, विहारातल्या, मशिदीतल्या मागच्या रांगेकडेही एकदा नजर टाका. आणि इर्विनला डबा पोचवायला तुमचा कॅथलिक रूममेट निघाला, तर सोबत जा. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही.

बाकीच्यांनी या रविवारी शेवटचं गीत संपेपर्यंत थांबायचं. ज्याचं नाव माहीत नाही अशा एकाला नाव विचारायचं आणि आपलं सांगायचं. मग फादर किंवा सिस्टर दिसतील त्यांना गाठून म्हणायचं, ‘मला दर आठवड्याचं एक काम द्या.’ गाडी दहा मिनिटांनी सुरू केली तरी मेसचं जेवण संपत नाही.