वरचा सगळ्यांकाच दिसता, आतला कोण बघतलो?

आजची पोस्ट जरा लांब आहे आणि विषयही नेहमीचा नाही. खड्डे, पाणी, एसटी यावर आपण रोज बोलतोच. आज रेल्वेचा रूळ आणि हृदयाचा पंप यावर एकत्र लिहितोय. दोघांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, आणि तो आपल्या जिवाशी आहे.

बरीच वर्षं झाली. वैभववाडी स्टेशनवर गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी नेहमीप्रमाणे लेट. तेवढ्यात रेल्वेची दोन-तीन माणसं रुळावरून एक छोटी ट्रॉली ढकलत आली. ट्रॉलीवर पाण्याची टाकी आणि छोटा स्क्रीन. चाल अगदी हळू. पत्रकाराची खोड, मी विचारलंच, "काय बघतास ओ?" एक जण घाम पुसत म्हणाला, "आतला बघतंव. वरचा काय, तुमकाय दिसता."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. घरी येऊन वाचलं, माहीतगारांना विचारलं, तेव्हा प्रकार कळला.

रुळाच्या वर भेग पडली तर ती डोळ्यांना दिसते. खरी भीती आत वाढणाऱ्या भेगेची. ती शोधायला ट्रॉलीखालचे प्रोब रुळात आवाज सोडतात. आपल्या कानाला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हा आवाज 20 ते 40 लाख कंपनांचा, म्हणून त्याला अल्ट्रासॉनिक म्हणतात. प्रोब आणि रूळ यांच्यात हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही, त्यासाठी पाणी सोडत जातात. सोनोग्राफीला पोटावर थंडगार जेल लावतात ना, ते याच कामासाठी.

पोलादात आवाज सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावतो. मीटरला 60 किलो वजनाचा जो रूळ असतो, त्याची उंची 172 मिलिमीटर. म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर आवाज खाली जाऊन परत यायला त्यातले जेमतेम 58 भाग लागतात. तोच आवाज 20 व्या भागालाच परत आला तर? मग वरून सहा सेंटीमीटरवर आत काहीतरी आहे. भेग असेल, पोकळी असेल. रूळ न कापता, न तोडता ते कळतं. आपण रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसमध्ये निवांत झोपतो, त्यामागे हे मोजणं आहे.

आता हृदयाकडे येऊ.

1953 साली स्वीडनमधल्या लुंड इथं इंगे एडलर नावाचे हृदयाचे डॉक्टर होते. ऑपरेशनआधी छाती न उघडता हृदयाची झडप कशी चालते ते बघायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांना हेल्मुट हर्ट्झ हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ भेटला. हर्ट्झला ठाऊक होतं की मालमो शहरात जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासॉनिक यंत्र आहे. त्यांनी ते तात्पुरतं मागून घेतलं आणि स्वतःच्या छातीवर लावलं. पडद्यावर हलणारी रेघ दिसली. ती हृदयाची हालचाल होती. आज डॉक्टर चिठ्ठीवर 'टू-डी इको' लिहून देतात, त्याचा जन्म असा भेगा शोधायच्या यंत्रातून झाला.

म्हणजे रुळावरची ती ट्रॉली आणि इकोचं मशीन ही एकाच घरातली भावंडं आहेत.

ओळखीतल्या एका काकांची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. जिना चढताना दम, पायांना सूज, रात्री उशीवर उशी घेतल्याशिवाय झोप नाही. सगळ्यांनी आधी पित्त म्हणून ओवा खायला घातला. मग एका डॉक्टरांनी इको सांगितला. जवळच्या एका सरकारी दवाखान्यात मशीन होतं. मीच चौकशीला गेलो. मशीन कापडाखाली झाकलेलं, व्यवस्थित हार घातलेल्या फोटोच्या शेजारी. "करणारा माणूस नाही," असं उत्तर मिळालं. मग गाडी केली आणि घाट चढून कोल्हापूर. ऐंशी किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, त्यात घाटाची वळणं, गाडीत काका बसल्या बसल्या धापा टाकतायत. इको झाला. निरोगी हृदय भरलेल्या रक्तातलं 55 टक्के किंवा त्याहून जास्त रक्त दर ठोक्याला बाहेर फेकतं. काकांचं होतं 25.

हा आकडा सहा महिने आधी कळला असता तर औषधं सहा महिने आधी सुरू झाली असती. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला आहे.

औषधांनी भागत नाही तेव्हा काय? एक उपाय हृदय बदलण्याचा. आपल्या मुंबईत केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी 1968 मध्ये तो प्रयत्न केला. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण डिसेंबर 1967 चं, म्हणजे अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासच जगला. अवयवदानाचा कायदा यायला 1994 उजाडलं, आणि त्याच वर्षी दिल्लीत एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. पण दात्याचं हृदय मिळणं ही आजही नशिबाची गोष्ट आहे. म्हणून दुसरा उपाय आला: हृदयाला जोडायचा पंप.

पंप म्हटल्यावर आपल्याला विहिरीवरची मोटर आठवते, आणि ते बरोबरच आहे. आपलं हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं. दिवसाला सात हजार लिटर. हृदय थकलं की हा छोटा पंप त्याच्या डाव्या कप्प्याला जोडतात. आत एक चक्र फिरत असतं, मिनिटाला हजारो फेरे. हार्टमेट 3 नावाच्या पंपात तर हे चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरतं, कुठं घासतच नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, कमरेला कंट्रोलर आणि बॅटऱ्या. रक्त सतत वाहतं, त्यामुळे अनेकांच्या मनगटाला नाडी लागत नाही. माणूस समोर बसून चहा पितोय, गप्पा मारतोय आणि नाडी नाही! अशा माणसाचा बीपी साध्या पट्ट्यानं नीट मोजता येत नाही. तिथं डॉप्लर लागतो. डॉप्लर म्हणजे पुन्हा अल्ट्रासाऊंडच.

विहिरीच्या मोटरचं दुखणं आपल्याला माहीत आहे. मोटर फिरतेय, मीटर पळतोय, पण पाणी येतंय का? फुटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, हवा धरली, तर आवाज तोच आणि पाणी थेंबभर. हृदयाच्या पंपाचंही तसंच. बऱ्याच पंपांत रक्ताचा प्रवाह थेट मोजलेला नसतो. चक्राचा वेग आणि खर्च झालेली वीज यावरून अंदाज काढतात. आत गुठळी धरली की हा अंदाज चुकू शकतो. म्हणून प्रवाह खरोखर मोजायचा कसा, यावर इंजिनिअर लोक डोकं लावत आले.

त्यातली युक्ती खाडीत होडी हाकणाऱ्याला लगेच कळेल. ओहोटीबरोबर होडी लवकर जाते, ओहोटीच्या उलट उशिरा. नळीच्या एका बाजूनं प्रवाहाबरोबर आवाज पाठवायचा, दुसऱ्या बाजूनं प्रवाहाच्या उलट. दोन वेळांत जो फरक, त्यावरून प्रवाह कळतो. रक्ताच्या नळीत हा फरक सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतका असतो, तरी तो मोजतात. कारखान्यात, पाणीयोजनेत मोठ्या पाइपाला बाहेरून चिकटवायचे अल्ट्रासॉनिक मीटर असतात, तेही याच तत्त्वावर. पाइप फोडायला नको, नळी कापायला नको.

नासामधले डेव्हिड सॉसियर हे अभियंता स्वतः हृदयरोगी होते. 1984 मध्ये ह्यूस्टनला डॉ. मायकेल डिबेकी यांनी त्यांच्यावर हृदय प्रत्यारोपण केलं. पुढे रॉकेटमधले पंप जाणणारी माणसं आणि हृदय जाणणारी माणसं एकत्र बसली. त्यातून झालेला पंप 1998 मध्ये युरोपात पहिल्यांदा माणसाला बसवला. त्याच्या नळीला प्रवाह मोजणारं अल्ट्रासॉनिक मापक जोडलेलं होतं. पंप करणाऱ्यांनी मोजणं विसरलं नाही, हे लक्षात घ्या.

आता कुणीतरी म्हणेलच, "अहो, आमच्याकडे साध्या गोळ्यांची बोंब, आणि तुम्ही हृदयाच्या पंपाच्या गोष्टी काय करता? पन्नास लाखांच्या वर जाणारं ते काम, आपल्याला काय त्याचं?"

प्रश्न रास्त आहे. पण थोडं थांबा. हृदयाची झडपसुद्धा एके काळी परदेशातूनच यायची आणि आपल्या माणसाला परवडायची नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूनं ती इथं बनवायला घेतली. आधीचे तीन नमुने फसले. चौथा टिकला, आणि डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला बसला. त्यानंतर लाखाच्या वर लोकांना ती झडप मिळाली, तीही परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त. आता आयआयटी कानपूरनं 2021 मध्ये 'हृदयंत्र' नावानं देशी पंपाचं काम हाती घेतलंय. आपल्या राज्यातही आयआयटी मुंबईत 2014 पासून बेटिक नावाचं केंद्र आहे. डॉक्टर आणि इंजिनिअर तिथं एकत्र बसून उपकरणं बनवतात. डिजिटल स्टेथोस्कोपसारखी काही बाजारातही आली. राज्य सरकारचा पैसा त्यात आहे, म्हणजे आपला पैसा आहे. तेव्हा 'आपल्याला काय त्याचं' हे पटत नाही.

समजा उद्या देशी पंप झाला, स्वस्त झाला. तो बसवलेला माणूस वैभववाडीत जगेल का? मे 2021 चं तौक्ते वादळ आठवा. जिल्ह्यात कितीतरी वाड्यांवर दिवसच्या दिवस लाईट नव्हती. पंपाची बॅटरी काही तासांची असते. दर पावसाळ्यात दोन वारे आले की आपली लाईट जाते, आणि वायरमन बिचारा एकटा पाच गावं सांभाळतो. अशा रुग्णाला रक्त पातळ ठेवायची गोळी लागते आणि तिचा डोस ठरवायला रक्ताची वरचेवर तपासणी. वायर जिथं पोटातून बाहेर येते तिथं जंतू होऊ नयेत म्हणून ड्रेसिंग शिकलेली नर्स लागते. बघायला इको करणारा माणूस लागतो. पंप कोटीचा असो की लाखाचा, त्याला सांभाळणारी ही साखळी गावापर्यंत नसेल तर तो पंप पुण्या-मुंबईच्या माणसाचाच राहणार.

आणि ही साखळी फक्त पंपवाल्याला लागत नाही. ती आमच्या काकांनाही लागत होती.

आपल्याकडे यंत्र आलं की नारळ फुटतो, फीत कापतात, आम्ही पत्रकार फोटो छापतो. मीही छापलेत, खोटं कशाला बोलू? पण सहा महिन्यांनी त्या यंत्रावर किती तपासण्या झाल्या, हे विचारायला मी स्वतः किती वेळा गेलो? हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. यंत्राआधी मोजणं लागतं आणि यंत्रानंतरही मोजणं लागतं. आपण मधलं यंत्र तेवढं विकत घेतो आणि दोन्हीकडचं सोडून देतो.

म्हणून तीन गोष्टी मागूया. झेपणाऱ्या आहेत.

एक, जिल्ह्यात कुठलंही तपासणी यंत्र आलं की ते चालवणाऱ्या माणसाचं पद भरल्याशिवाय उद्घाटन नको. नारळ थांबू शकतो, पेशंट थांबू शकत नाही.

दोन, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मालवणला सरकारी तंत्रनिकेतन आहे, कणकवलीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे. या तिघांची गाठ घालून द्या. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून पोरं जुनेच नमुने उतरवतात. त्याऐवजी दवाखान्यातली बंद यंत्रं दुरुस्त करू देत, बीपीची मशीनं खरा आकडा दाखवतात का ते तपासू देत. अल्ट्रासॉनिक तपासणी शिकलेल्या पोराला रेल्वे, जहाजबांधणी, रिफायनरी, पुलांची तपासणी असं सगळीकडे काम आहे. महाडचा सावित्रीचा पूल 2016 च्या ऑगस्टमध्ये रात्रीत वाहून गेला, तेव्हापासून बांधकाम आतून तपासणाऱ्या माणसाची किंमत आपल्याला कळायला हवी होती.

तीन, प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या दारावर एक साधी पाटी: या महिन्यात कुठल्या यंत्रावर किती तपासण्या झाल्या, कुठलं यंत्र किती दिवस बंद. खडूनं लिहिली तरी चालेल.

काका आता बरे आहेत, औषधांवर आहेत. परवा भेटले तर म्हणाले, "पुढचो इको कधी? परत घाट चढूचो की हयच होतलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या गावच्या दवाखान्यात कुठलं यंत्र झाकून ठेवलेलं असेल तर खाली लिहा. नावं मी गोळा करतो आणि पुढच्या आठवड्यात घेऊन जातो.