प्रश्न खरंच फसवे असतात का?

मंडळी, सध्या आमच्या नात्यातल्या निम्म्या शिक्षकांच्या हातात गाइडं दिसताहेत. कारण तुम्हाला ठाऊक असेलच. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेल्या आणि आठवीपर्यंत शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांना निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. वीस-पंचवीस वर्षं खडू झिजवल्यावर पुन्हा परीक्षार्थी! दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, खुल्या गटाला ६० टक्के हवेत.

त्यांचा राग मी समजू शकते. पण "प्रश्न मुद्दाम फसवे काढतात" ही तक्रार मला अर्धीच पटते.

भाचीच्या सरावासाठी मी एक प्रश्न तयार केला. तिसरीतला मुलगा ४२ वजा १७ बरोबर ३५ असं लिहितो. शिक्षक म्हणून तुम्ही सर्वप्रथम काय कराल? (१) रीत फळ्यावर पुन्हा दाखवाल (२) तशीच दहा उदाहरणं द्याल (३) उत्तर कसं काढलंस ते विचाराल (४) हुशार मुलाशेजारी बसवाल.

तिने पहिला पर्याय घेतला. म्हणाली, "आत्या, अगं आम्ही हेच करतो. पंचेचाळीस मुलं असतात वर्गात!" अगदी खरं. चारही गोष्टी आपण सगळ्यांनी केल्या आहेत, म्हणून तर चारही बरोबर वाटतात. पण 'सर्वप्रथम' या शब्दावर बोट ठेवा. त्या मुलाने सातातून दोन वजा केले आहेत, मोठ्या अंकातून लहान अंक. त्याच्या मते तोच नियम. हे कळल्याशिवाय हातचा पुन्हा शिकवला तर तो मान डोलावेल आणि उद्या परत ३५ लिहील. दहा उदाहरणं दिली तर चूक दहा वेळा घटवेल.

हा मला फसवा प्रश्न वाटत नाही. अनुभवी माणूस प्रश्न पुरता न वाचता स्वतःच्या वर्गाची आठवण वाचतो, अडचण तिथे आहे.

क्लासवाल्यांच्या युक्त्यांवर माझा फार विश्वास नाही. 'नेहमी', 'कधीच', 'फक्त' असलेला पर्याय आधी खोडा म्हणतात. आणि प्रश्नातच 'अयोग्य विधान ओळखा' असेल तर? मग बहुधा तोच पर्याय उत्तर असतो, आणि बाई तो खोडून बसलेल्या!

तक्रारीचा दुसरा अर्धा भाग मात्र मान्य. "वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाचं काय कराल?" या प्रश्नाला मूल कोणतं, घरी काय चाललंय, गोंधळ कसला, हे कळल्याशिवाय एकच उत्तर नसतं. अशा ठिकाणी भाचीला मी सांगितलंय, मुलाला अपमान वाटेल ते पर्याय आधी काढ, उरलेल्यांतला एक रंगव आणि पुढे जा. चुकल्यास गुण कापत नाहीत, आणि एका प्रश्नाला मिनिटच मिळतं.