एकाच पुड्याचे दोन भाव

सकाळी मॉलचे शटर वर जाण्याआधी दाराशी जमलेली रांग नीट पाहा. तिच्यात शेजारच्या गल्लीतला किराणा दुकानदार सापडेल. तो घरचा बाजार करायला आलेला नाही. तेलाचे पाऊच, साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पुडे तो स्वतःच्या दुकानात विकायला नेणार आहे. कंपनीचा सेल्समन त्याला ज्या दराने माल टाकतो, त्याहून स्वस्त तोच माल इथे किरकोळ गिऱ्हाइकाला मिळतो! गल्ल्यावर हयात घालवलेल्या माणसाने, जो त्याला उठवायला निघालाय त्याच्याच दारात पिशवी घेऊन उभे राहावे? याला कोणी स्पर्धा म्हणेल, तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. हा गळा घोटण्याचा प्रकार आहे.

‘छोट्या दुकानदाराला काळाची पावले ओळखता आली नाहीत’ ही शुद्ध थाप आहे. विक्रीत हरण्याआधी तो खरेदीतच नाडला जातो. 2021 च्या अखेरीस वितरकांच्या देशव्यापी संघटनेने कंपन्यांना लेखी बजावले होते : आम्हाला 8 ते 12 टक्के मार्जिन आणि ऑनलाइन घाऊक विक्रेत्या बड्यांना 15 ते 20 टक्के, हे चालणार नाही. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मालाविरुद्ध असहकाराचे हत्यार उपसले. हौस म्हणून कोणी आपला चालता धंदा बंद ठेवत नाही. कारखाना एक, छापील किंमत एक, आणि खरेदीचा भाव मात्र माणूस पाहून!

वर कायद्याचा आधार मागायला जावे, तर तिथेही दार बंद. 2 जुलै 2021 रोजी केंद्राने व्यापाऱ्यांना लघुउद्योगात घेतल्याचा गाजावाजा केला. पण सवलत फक्त बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. 2006 च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत चुकते करावे लागतात. ते संरक्षण व्यापाऱ्याला नाही. बड्या साखळीकडे वितरकाची बिले तुंबली, तर त्याने खेटे घालत बसावे. कर्जबाजारी व्हायला तुम्ही उद्योग, आणि घामाचे पैसे मागायला तुम्ही कोणी नाही! ही व्यापाऱ्याची उघड फसवणूक आहे.

स्पर्धा कायदा तोटा खाऊन समोरच्याला संपवणाऱ्या विक्रीला मनाई करतो, पण आधी त्या एका कंपनीचे बाजारावर वर्चस्व सिद्ध करा म्हणतो. तिघा-चौघांनी मिळून बाजार गिळला, तर वर्चस्व कोणाचेच नाही! अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये दिला. कंपन्यांनी कोर्टकज्जे केले आणि चौकशीचा अहवाल यायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. त्या अहवालाने नियमभंगाचा ठपका ठेवला. मधल्या साडेचार वर्षांत ज्याने दुकानाची चावी घरमालकाच्या हातात दिली, त्याने या अहवालाचे काय करायचे?

आणि याच काळात, 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली, तेव्हा फ्लिपकार्टने सेवा थांबवली होती. तोंडाला रुमाल बांधून अर्ध्या शटरखालून डाळ-तांदूळ देणारा, वहीत उधारी लिहून घेणारा हाच गल्लीतला वाणी होता. त्याने त्या दिवशी कोणाची ऐपत पाहिली नाही.

ज्या अमेरिकेतून अॅमेझॉनसारखे महाकाय आले, तिथे एकाच मालासाठी दोन खरेदीदारांत अन्यायकारक भेद करायला 1936 सालीच कायद्याने बंदी घातली. पुढे अमेरिकेने तो कायदा गंजू दिला, हेही खरे. पण निदान केला तरी. आपल्याकडे वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी ऑगस्ट 2024 मध्ये भर सभेत विचारले, की अॅमेझॉनने एका वर्षात 6000 कोटींचा तोटा सोसणे ही समोरच्याला संपवणारी किंमत नव्हे काय? मंत्रिमहोदय, प्रश्न आम्ही विचारायचे. उत्तर तुम्ही द्यायचे. परकीय गुंतवणुकीचे नियम तुमच्याच खात्यात लिहिले जातात. दरभेदबंदीचे विधेयक येत्या अधिवेशनात आणा, आणि 45 दिवसांचा हक्क व्यापाऱ्यालाही द्या.